तळं भरलं म्हणजे आनंदच का? हिमालयातली तळी आणि आपल्या वर्गातला 'हवामान बदल'



पुण्यात पावसाळ्यात एक बातमी सगळ्यांना आवडते. 'खडकवासला भरलं!' खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही आपली चार धरणं. जुलै उजाडला की कुठलं किती टक्के भरलं याची चर्चा चहाच्या टपरीपासून शाळेच्या फाटकापर्यंत चालते. मुलंसुद्धा घरी ऐकलेले आकडे वर्गात येऊन सांगतात. धरण भरलं म्हणजे वर्षभराची चिंता मिटली, टँकर नको, पाणीकपात नको. आपल्या मुलांच्या मनात भरलेलं तळं ही चांगलीच गोष्ट असते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात मी 'हवामान बदल' या विषयावर निबंध घेत होते. फळ्यावर नेहमीचं वाक्य लिहिलं, "तापमान वाढल्यामुळे हिमालयातील हिमनद्या वितळत आहेत." मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, मग तर तिथली तळी भरतील. चांगलंच की!"

मी म्हटलं, "अरे, पूर येतो ना," आणि पुढचं वाक्य लिहायला वळले.

खरं सांगायचं तर मला उत्तर नीट येत नव्हतं. बर्फ वितळला की पाणी होतं हे मुलाला पहिलीपासून माहीत आहे. पाणी झालं की ते कुठेतरी साठतं, हे त्याने स्वतः ताडलं. म्हणजे माझ्या वाक्याच्या एक पाऊल पुढे तो गेला होता आणि मी त्याला मागे ओढलं. त्या दिवसापासून या विषयावर वाचत गेले. आता माझं एक मत पक्कं झालं आहे, ते तुमच्यापुढे मांडते. 'हिमनद्या वितळत आहेत' या वाक्यावर आपण धडा संपवतो, पण खरा धडा त्या वाक्यानंतर सुरू होतो. वितळलेलं पाणी कुठे थांबतं, त्याला कोण अडवून धरतं आणि त्याच्या खाली कोण राहतं, हे तीन प्रश्न मुलांपुढे यायलाच हवेत. आणि पुण्यातल्या शिक्षकाला ते समजावणं अवघड नाही, कारण आपल्याकडे पानशेत आहे.

आपण सध्या काय शिकवतो?

आपल्या मुलांचे निबंध डोळ्यांपुढे आणा. सुरुवातीला 'आज संपूर्ण जग एका मोठ्या संकटातून जात आहे.' मध्ये ध्रुवीय अस्वल, समुद्राची पातळी, ओझोन, प्लास्टिक, सगळं एकाच परिच्छेदात. शेवटी 'म्हणून झाडे लावा, झाडे जगवा.' तीस वह्या तपासल्या तर तीसही निबंध सारखे. दोष मुलांचा नाही. मीच तसे मुद्दे सांगितले होते, मला डी.एड.ला तसेच मिळाले होते.

यातलं बरंचसं खोटं नाही. पण त्यातून मुलाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. आपल्या मुलांनी बर्फ पाहिला तो फ्रीजमध्ये आणि गोळेवाल्याच्या गाडीवर. त्यामुळे हिमनदी म्हणजे डोंगरावर ठेवलेली बर्फाची मोठी लादी, असंच त्यांना वाटतं. लादी वितळली, पाणी वाहून गेलं, संपलं. यात तळं कुठेच येत नाही. आणि हिमालयातल्या माणसांना आज ज्या गोष्टींची धास्ती आहे, त्यात ही तळी वरच्या क्रमांकावर आहेत.

तळं बनतं कसं?

मी हल्ली मुलांना असं सांगते. हिमनदी ही नावाप्रमाणे नदीच आहे, फक्त फार सावकाश सरकणारी. वर वर्षानुवर्षं बर्फ पडतो, दाबला जातो, घट्ट होतो आणि स्वतःच्या वजनाने उतारावरून खाली सरकत राहतो. सरकताना दगड, गोटे, माती खरवडून बरोबर आणतो. शेतकरी पाभर किंवा फळी ओढतो तेव्हा पुढे मातीची रास जमते ना, तशी हिमनदीच्या पुढच्या टोकाशी आणि दोन्ही कडांना दगडमातीची रास जमते. भूगोलात आपण तिला हिमोढ म्हणतो.

आता उष्णता वाढली. हिमनदीचं टोक वितळून मागे हटलं. पण ती रास जागच्या जागीच राहिली. पुढे रास, मागे बर्फ आणि मध्ये खोलगट जागा. त्या खोलग्यात वितळलेलं पाणी साठायला लागतं. झालं तळं! बर्फ आणखी मागे हटला की तळं आणखी लांब होतं. म्हणजे हिमनदी आखडते आणि तिच्यापुढचं तळं वाढतं, या दोन्ही गोष्टी बरोबरच चालतात.

आणि त्या तळ्याचा बांध कसला? ना दगडी बांधकाम, ना सिमेंट, ना दरवाजे, ना जादा पाणी सोडायचा सांडवा. नुसती सुटी दगडमाती. पुष्कळदा त्या राशीच्या पोटातही जुना बर्फ अडकलेला असतो. तोही उबेने वितळतो आणि बांध आतून पोकळ होतो. अशा तळ्यात वरून दरड कोसळली, बर्फाचा कडा तुटून पडला, भूकंप झाला किंवा ढगफुटीसारखा पाऊस झाला, तर पाणी बांधावरून उसळतं. एकदा सुटी माती वाहायला लागली की मग तो बांध धरत नाही.

त्या मुलाच्या "चांगलंच की" याला उत्तर हे होतं. आपलं धरण भरलं की आपण निश्चिंत होतो, कारण ते माणसाने पाणी धरण्यासाठी बांधलंय आणि तिथे दरवाजे उघडायला माणूस बसलेला आहे. वरचं तळं भरलं की खालच्या गावाची झोप उडते, कारण तिथे यातलं काहीच नाही.

हे फक्त पुस्तकातलं नाही

इस्रोने एप्रिल २०२४ मध्ये उपग्रहांच्या जुन्या-नव्या चित्रांची तुलना प्रसिद्ध केली. हिमालयातल्या नद्यांच्या खोऱ्यांत १० हेक्टरपेक्षा मोठी २,४३१ हिमसरोवरं त्यांनी २०१६-१७ मध्ये नोंदवली होती. त्यांतली ६७६ तळी १९८४ पासून लक्षात येण्याइतकी वाढली आहेत आणि त्यांतली १३० भारतात आहेत. वाढलेल्यांपैकी ६०१ तळी तर दुपटीहून जास्त मोठी झाली. हिमाचल प्रदेशातलं घेपांग घाट तळं १९८९ मध्ये साधारण ३६ हेक्टर होतं, ते २०२२ मध्ये १०१ हेक्टर झालं. काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय पर्वतीय संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की, २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या संवर्धनासाठी जाहीर केलं आणि २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन ठरवला. शाळेत दिनविशेष लिहिताना हा दिवस जरूर लिहा.

पण आकड्यांपेक्षा एका तळ्याची गोष्ट मुलांच्या लक्षात राहते. मी दक्षिण ल्होनाकची सांगते.

उत्तर सिक्कीममध्ये सुमारे ५,२०० मीटर उंचीवर हे तळं आहे. त्याच्यावरची हिमनदी १९६२ ते २००८ या काळात जवळपास दोन किलोमीटर मागे हटली आणि मोकळ्या झालेल्या जागेत तळं वाढत गेलं. धोका ओळखून २०१६ मध्ये लडाखचे सोनम वांगचुक आणि सिक्कीम सरकार यांनी तिथे लांबलचक पाइप टाकून पाणी उतरवायचा प्रयत्नही केला होता. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री तळ्याच्या काठचा गोठलेल्या मातीचा प्रचंड उतार पाण्यात कोसळला. लाट उठली, हिमोढ फुटला. मध्यरात्रीच्या सुमारास पाणी तिस्ता नदीच्या खोऱ्यातून खाली सुटलं. चुंगथांगला १,२०० मेगावॉट वीजप्रकल्पाचं धरण होतं, ते वाहून गेलं. पन्नासहून अधिक माणसं गेली, सत्तरहून अधिक सापडलीच नाहीत.

इस्रोच्या चित्रांत २८ सप्टेंबरला तळ्याचं क्षेत्र १६७ हेक्टर होतं, ४ ऑक्टोबरला ६० हेक्टर. चौथीच्या मुलांना मी वजाबाकी घालते. १६७ वजा ६० किती? १०७. एक हेक्टर म्हणजे शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद मैदान. अशी शंभराहून अधिक मैदानं व्यापणारं पाणी एवढ्या दिवसांत तिथून गेलं. वजाबाकी सोडवून झाल्यावर वर्ग जरा वेळ गप्प होता.

दुसरी गोष्ट मोठ्यांना ठाऊक आहे, केदारनाथची. जून २०१३. महाराष्ट्रातली अनेक कुटुंबं तेव्हा चारधामला गेली होती. मंदिराच्या वर साधारण दोन किलोमीटरवर चोराबारी तळं होतं. महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये तिथे विसर्जित केला, म्हणून त्याला गांधी सरोवर असंही म्हणतात. तसं पाहिलं तर ते लहान, हंगामी तळं. काही दिवसांचा मुसळधार पाऊस आणि वितळलेला बर्फ यांनी ते भरलं आणि १७ जूनच्या सकाळी त्याचा हिमोढ फुटला. काही मिनिटांत ते रिकामं झालं. त्या आपत्तीत पाच हजारांहून अधिक माणसं गेली. म्हणजे तळं लहान आहे म्हणून धोका लहान, असंही नसतं.

आणि आपलं पानशेत

पुण्याच्या मुलांना हे सगळं लांबचं वाटू नये, म्हणून मी वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांना बोलावलं. ते गोखलेनगरला राहतात. त्यांचं मूळ घर नदीकाठच्या पेठेतलं. १९६१ मध्ये ते नऊ वर्षांचे होते, म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलांएवढेच.

१२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण तेव्हा पूर्ण व्हायचं होतं आणि पाऊस थांबत नव्हता. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून बांध धरून ठेवायची शिकस्त केली. त्यामुळेच धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं, असं आजही पुण्यात कृतज्ञतेने सांगितलं जातं. सकाळी पानशेत गेलं, दुपारी खाली खडकवासला गेलं. नारायण पेठ, शनिवार पेठ, डेक्कन, नदीकाठ सगळा पाण्याखाली. आणि गंमत बघा, पूर ओसरल्यावर शहराला प्यायला पाणी नव्हतं, कारण पाणी साठवणारं खडकवासलाच फुटलं होतं. सहकारनगर, गोखलेनगर अशा ठिकाणच्या पूरग्रस्त वसाहती त्यानंतरच्या.

आजोबा खुर्चीत बसून शांतपणे सांगत होते. "एक माणूस सायकलवरून ओरडत गेला, पाणी येतंय, पळा. आईने मला आणि धाकट्याला धरलं आणि आम्ही पर्वतीकडे पळालो. चुलीवरचा भात तसाच राहिला. दोन दिवसांनी घरी आलो तर घरात चिखल होता, भांडी नव्हती. आईचं शिवणयंत्र गेलं. ती त्याच्याबद्दल नंतर कितीतरी वर्षं बोलायची."

मुलांनी खूप प्रश्न विचारले. मासे होते का, साप होते का, शाळेला किती दिवस सुट्टी होती. मग त्याच मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "आजोबा, तुम्हाला सायकलवाल्याने सांगितलं. त्या डोंगरातल्या तळ्याचं खालच्या लोकांना कोण सांगतं?"

मला वाटतं, हवामान बदलाच्या धड्यात विचारण्यासारखा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. आणि तो माझ्या फळ्यावरच्या मुद्द्यांत नव्हता.

मग कोण सांगतं?

याचं प्रामाणिक उत्तर असं की, अजून पुरेसं कोणी सांगत नाही, पण सुरुवात झाली आहे. दक्षिण ल्होनाकला फुटण्याच्या महिनाभर आधीच कॅमेरा आणि हवामानाची उपकरणं बसवली होती. पण खालच्या गावांना इशारा देणारी पूर्ण यंत्रणा तयार व्हायची होती. तेवढ्यात तळं फुटलं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने अरुणाचल, सिक्कीम, उत्तराखंड आणि हिमाचल या चार राज्यांसाठी हिमसरोवरांचा धोका कमी करण्याचा १५० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. नेपाळने एव्हरेस्टच्या परिसरातल्या इमजा तळ्याला २०१६ मध्ये पाट काढला. नेपाळी सैन्याने पाच हजार मीटर उंचीवर काम करून तळ्याची पातळी तीन मीटरहून अधिक उतरवली. पानशेतला पोती रचणाऱ्या जवानांची गोष्ट ऐकलेल्या मुलांना ही गोष्ट लगेच कळते.

आपल्या शेजारच्या गोव्यातही या कामाचा एक धागा आहे. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राने २०१६ मध्ये हिमाचलच्या स्पितीमध्ये 'हिमांश' नावाचं संशोधन केंद्र उभारलं. समुद्रकाठच्या संस्थेतली माणसं चार हजार मीटरवर जाऊन बर्फ मोजतात, हे मुलांना फार आवडतं.

आणि पुण्याचा धागा तर रोजच्या रस्त्यावर आहे. शिवाजीनगरच्या चौकाला 'सिमला ऑफिस' का म्हणतात, हे तुमच्या मुलांना विचारून बघा. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, त्याची ती आठवण. याच खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८० च्या दशकात हिमालयातला बर्फ किती पडला यावरून पुढच्या मोसमी पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली होती. म्हणजे तिकडचा बर्फ आणि इकडचा पाऊस यांचा संबंध असू शकतो, हा विचार दीडशे वर्षांच्या आसपास जुना आहे.

शिकवताना तीन गोष्टी सांभाळा

पहिली, सगळं एकाच पोत्यात भरू नका. पानशेत हवामान बदलामुळे फुटलं नाही. ते अपुरं धरण होतं. मुठा आणि आपल्याकडच्या नद्या हिमनद्यांतून येत नाहीत, त्या पावसावर वाहतात. हे मुलांना स्पष्ट सांगायलाच हवं, नाहीतर पेपरात 'कृष्णा नदी हिमालयात उगम पावते' असं वाचायची वेळ येते. पानशेत आपण घेतो ते एवढ्यासाठी की, बांध फुटला म्हणजे खाली काय होतं, हे या शहराला स्वतःच्या अनुभवातून माहीत आहे. तसंच हिमालयातला प्रत्येक पूर तळं फुटल्यानेच येतो असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये चमोलीत खडक आणि बर्फाचा कडाच कोसळला होता. उष्णतेने तळी वाढतात, पाऊस किंवा दरड ती फोडते आणि नदीच्या पात्रात आपण हॉटेलं, रस्ते, धरणं बांधली असतील तर नुकसान वाढतं. हे तिन्ही वेगवेगळं सांगा.

दुसरी, मुलांना घाबरवून सोडू नका. आमच्या वर्गात एकीने विचारलं, "बाई, पाषाण तलाव पण फुटेल का?" मी सांगितलं की पाषाण तलाव रामनदीच्या पाण्यावर भरतो, वर हिमनदी नाही, त्यामुळे ती भीती नको. पण नदीला पाणी सोडल्याचा इशारा आला तर तो ऐकायचा. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं, ते काही मुलांना आठवतं. नऊ वर्षांच्या मुलाला भीतीपेक्षा 'मी काय करायचं' हे माहीत असलं की बरं वाटतं. वर जायचं, नदीकडे बघायला जायचं नाही, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना हाक मारायची.

तिसरी, उपदेश स्वस्त करू नका. 'घरातला दिवा बंद करा म्हणजे हिमनदी वाचेल' हे मुलांना दोन दिवस पटतं, तिसऱ्या दिवशी नाही. दिवा बंद करायचाच, पण खरं सांगून. हवा तापवणारा धूर जगभरातल्या गाड्यांचा, कारखान्यांचा, वीजकेंद्रांचा आहे. डिझेलची, चुलींची, जाळलेल्या पिकांची काजळी बर्फावर बसली की तो ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. यात तिस्तेच्या खोऱ्यातल्या माणसांचा वाटा फार थोडा, पण रात्री पळायची वेळ त्यांच्यावर आली. हे बरोबर आहे का, असं मुलांना विचारा. उत्तर तुम्ही देऊ नका. मुलांना न्याय-अन्याय चांगला कळतो. डब्यातल्या लाडवाच्या वाटणीवरून होणारी भांडणं आठवा!

वर्गात करून बघा

एक मोठी परात किंवा ट्रे घ्या. एका बाजूला वही ठेवून थोडा तिरका करा. खालच्या बाजूला काडेपेट्यांची घरं मांडा. मध्यभागी ओली वाळू आणि बारीक खडे यांचा आडवा बांध घाला. बांधाच्या वरच्या बाजूला घरून आणलेले बर्फाचे खडे ठेवा. बर्फ वितळेल तसं बांधामागे पाणी साठेल. वेळ कमी असेल तर हळूहळू पाणी घाला.

मुलांना विचारा, 'तळं भरतंय, चांगलं का?' मग वरून एक दगड पाण्यात टाका. लाट उठते, बांधावरून पाणी जातं, वाळू वाहते आणि बांध फुटतो. काडेपेट्या कुठे गेल्या ते बघा. पुन्हा मांडा. या वेळी बांधाच्या एका कडेला स्ट्रॉ घालून पाणी थोडं थोडं उतरू द्या, म्हणजे इमजा तळ्याचा पाट. आणि एका मुलाला 'पहारेकरी' करा. तळं ठरलेल्या खुणेपर्यंत आलं की त्याने घंटा वाजवायची आणि बाकीच्यांनी काडेपेट्या उचलून वर ठेवायच्या.

आमच्या वर्गात पहिल्या खेपेला पहारेकरी बघतच राहिला आणि घंटा वाजवायला विसरला. दुसऱ्या खेपेला सगळे त्याच्यावर ओरडायला तयार होते! खर्च शून्य, वेळ एक तासिका. विज्ञान, भूगोल आणि भाषा तिन्ही विषय त्यात येतात. तासिका संपल्यावर परात धुवायचं काम मात्र आपल्यालाच करावं लागतं, ते धरून चाला.

पालकांसाठी

मे महिन्यात पुण्यातून किती गाड्या चारधाम, मनाली, सिक्कीमकडे जातात ते आपण बघतो. जरूर जा. मुलांना हिमालय दाखवा. पण तिथे निळंशार तळं दिसलं की फोटोबरोबर दोन मिनिटं थांबून मुलाला विचारा, हे पाणी कशाने अडलंय? वर बर्फ दिसतोय का? खाली गाव आहे का? मुक्काम नदीच्या अगदी काठावर न करता उंचावर बघा आणि स्थानिक माणसाने 'आज पुढे जाऊ नका' म्हटलं तर 'एवढे पैसे भरलेत' असं म्हणून हट्ट करू नका. मुलं आपलं बोलणं विसरतात, पण असं वागणं लक्षात ठेवतात.

आणि तुमच्या घरात पानशेत पाहिलेलं कोणी असेल तर त्यांना मुलांशी बोलायला लावा. त्या वेळी जी मुलं होती ती आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी पाहिलेलं ऐकून घ्यायला आपल्याकडे फार वर्षं उरलेली नाहीत.

निबंधाचं काय झालं?

शेवटी पुन्हा निबंधाकडे येते. या वर्षी मी 'हवामान बदल – एक समस्या' हा विषय दिलाच नाही. 'हिमनदीचे मनोगत'ही नाही, कारण त्यात सगळ्यांची हिमनदी रडते आणि शेवटी मला वाचवा म्हणते. मी विषय दिला, 'मी तळ्याचा पहारेकरी'. मुद्दे फळ्यावर लिहिले नाहीत. फक्त सांगितलं की तुम्ही डोंगरात एका तळ्याजवळ राहता आणि खाली तुमचं गाव आहे. काय बघाल, काय मोजाल, कोणाला सांगाल?

वह्या तपासताना पहिल्यांदाच मला कंटाळा आला नाही. कोणी रोज काठी रोवून पाणी मोजलं, कोणी गावात भोंगा लावला, कोणी लिहिलं की पहारेकऱ्याला ताप आला तर दुसरा पहारेकरी हवा. शुद्धलेखन होतं तसंच होतं, 'हिमनदी' चार प्रकारे लिहिलेलं सापडलं. त्या मागच्या बाकावरच्या मुलाने शेवटी लिहिलं होतं, "तळं भरलं की मी आधी खुश व्हायचो. आता मी आधी बांध बघतो."

त्याच्या वहीत मी 'छान' लिहिलं. आणि खाली लिहिलं, 'तू विचारलेल्या प्रश्नामुळे बाईंनाही शिकायला मिळालं.' ते त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आपल्या वर्गात परातीतलं तळं जरूर करून बघा.